वणवा घराच्या दिशेने आला तर? घर वाचवण्यासाठी आधीपासून काय करावं

टेकडीपलीकडे

नमस्कार मंडळी,

आमचं घर उताराच्या माथ्यावर आहे. खालच्या अंगाला माळ, त्यावर मांडीभर वाढून वाळलेलं गवत आणि माळाच्या पलीकडे दाट झाडी. कित्येक महिने पावसाचा थेंब नाही. दुपार झाली की खालून वर वारा सुटतो. समोरच्या रांगेवर परवा रात्रभर वणव्याची लाल रेघ सरकताना दिसत होती. ती विझली म्हणतात, पण तेव्हापासून आमच्या घरात कुणाच्या डोळ्याला डोळा नाही.

घर कौलारू आहे. मागे लाकडी फळ्यांचा ओटा, त्याला लागून सरपण रचलेलं. सासूबाईंना दमा आहे आणि गुडघ्यांमुळे त्यांना भरभर चालता येत नाही. जो तो एकच सांगतो, घराभोवतीची सगळी झाडं तोडून टाका. इतकी वर्षं जपलेली झाडं तोडून खरंच घर वाचतं का? आणि दुसरं म्हणजे, आग जवळ आलीच तर थांबून पाणी मारायचं की निघून जायचं? यजमान थांबू म्हणतात, मला निघावंसं वाटतं. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

वाटाड्या

ताई, झाडांचं नंतर बघू. आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. वणव्यात जळणारी बहुतेक घरं ज्वाळांची भिंत अंगावर आल्यामुळे जळत नाहीत. ती उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात. मी स्वयंसेवकांच्या पथकाबरोबर वणवे विझवायला जातो आणि दर उन्हाळ्यात हेच बघतो. आग अजून पलीकडच्या टेकडीवर असते आणि इकडे अंगणात सालींचे, पानांचे पेटते तुकडे पडायला लागलेले असतात. वारा जोराचा असेल तर ते कित्येक किलोमीटर उडत येतात. भिंतीवर आपटून खाली पडतात आणि मग वारा त्यांना लोटत लोटत कोपऱ्यात नेतो.

कुठल्या कोपऱ्यात? जिथे एरवी पाचोळा साचतो, नेमक्या त्याच. वाऱ्याच्या दिवशी घराभोवती एक फेरी मारा आणि पाचोळा कुठे कुठे अडकतो ते बघून ठेवा. जिन्याखाली, ओट्याच्या फळ्यांच्या फटीत, छपराच्या दोन उतारांच्या खाचेत, पन्हळीत. ठिणग्याही तिथेच साचणार. तुमच्या घराचा नकाशा वाऱ्याने आधीच काढून ठेवलाय.

एका घरापाशी बघितलेलं सांगतो. आग घरापासून बरीच लांबून निघून गेली होती. भिंती, छप्पर, तावदानं सगळं शाबूत. दारासमोर काथ्याचं पायपुसणं होतं, त्याची चौकोनी राख तेवढी पडलेली. त्या राखेच्या बरोबर वर दाराच्या फळीवर वीतभर काळा डाग आणि डागाच्या मध्ये लाकूड बोटभर आत खाल्लेलं. शेजाऱ्याने वेळेवर बादली ओतली म्हणून ते तिथेच थांबलं. नाहीतर ते घर एका पायपुसण्यापायी गेलं असतं.

म्हणून कामाची सुरुवात घरापासून करायची आणि बाहेरच्या दिशेने सरकायचं. भिंतीला लागून पहिल्या दीड मीटरात पेटेल असं काहीच नको. वाळलेलं गवत, झुडूप, सालींचं आच्छादन, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पुठ्ठ्याची खोकी, झाडू, काही नाही. तिथे खडी, फरशी किंवा नुसती माती. त्यापुढे साधारण नऊ मीटरपर्यंत विरळ आणि स्वच्छ. त्याच्याही पुढे तीस मीटरपर्यंत आगीचा जोर मोडेल एवढी छाटणी. आणि सरपण आजच्या आज हलवा. निदान नऊ मीटर लांब, आणि उताराच्या खाली न नेता घराच्या बाजूला किंवा वरच्या अंगाला.

कवडसा

वाटाड्या, तुमचा अनुभव मोठा आहे हे मान्य, पण मला हे पटायला जड जातंय. झाडांच्या शेंड्यांवरून आग धावते तेव्हा ज्वाळा झाडांच्याही वर जातात. तिच्यासमोर दीड मीटरची खडी काय करणार? नुसत्या धगीनेच घर पेटेल की.

वाटाड्या

रास्त शंका आहे, आणि ती तपासून बघितलेली आहे. अमेरिकेच्या वनसेवेतले संशोधक जॅक कोहेन यांनी यावर आयुष्यभर काम केलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी कॅनडाच्या वायव्य प्रदेशात मुद्दाम जंगल पेटवून प्रयोग झाले. शेंड्यांवरून धावणाऱ्या आगीसमोर १०, २० आणि ३० मीटरवर लाकडी भिंती उभ्या केल्या होत्या. १० मीटरवरच्या काही भिंतींनी पेट घेतला, २० आणि ३० मीटरवरच्या पेटल्या नाहीत. कारण सोपं आहे. एवढी मोठी ज्वाळा एका जागी जेमतेम मिनिटभर टिकते आणि अंतराबरोबर धग झपाट्याने उतरते. लाकूड पेटायला तेवढा वेळ पुरत नाही.

उलट ठिणगीला घाई नसते. ती पन्हळीतल्या पाचोळ्यात तासभर धुमसत बसते आणि आग निघून गेल्यावर, माणसं निर्धास्त झाल्यावर छप्पर पेटतं. २०१८ साली कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव जळालं, ८५ माणसं गेली, १८ हजारांहून जास्त इमारती नष्ट झाल्या. त्यानंतरचे फोटो आठवा. घरांच्या जागी नुसते चौथरे, आणि शेजारी झाडं हिरवी उभी. जंगलाच्या ज्वाळांनी घरं जाळली असती तर ती झाडं आधी गेली असती.

रानजाई

आता झाडांबद्दल मी लिहिते, कारण सगळी झाडं तोडा हा सल्ला ऐकला की मला फार वाईट वाटतं. उघड्या पडलेल्या जमिनीवर पुढच्या मोसमात काय येतं? गवत आणि काटेरी झुडपं. ती वाळतात लवकर आणि पेटतात भराभर. शिवाय उंच, निरोगी, हिरवीगार झाडं काही वेळा वारा आणि ठिणग्या अडवतातही.

तोडायची आहे ती आगीची शिडी. वाळलेल्या गवतातून आग झुडपात चढते, झुडपातून खालच्या फांद्यांत, तिथून शेंड्यात. मधल्या पायऱ्या काढल्या की ती जमिनीवरच राहते, आणि जमिनीवरची आग आटोक्यात येते. झाडाच्या खालच्या फांद्या दोन ते तीन मीटर उंचीपर्यंत उतरवा. झाडाखालची झुडपं काढा. गवत दहा सेंटिमीटरच्या आत ठेवा. छपरावर आलेल्या फांद्या मात्र निर्दयपणे छाटा, त्यात मन गुंतवू नका. दोन झाडांचे शेंडे एकमेकांत गुंतलेले असतील तर मधे मोकळी जागा करा.

तेल किंवा चीक धरणारी झाडं भिंतीजवळ नकोत. निलगिरी, सुरू, पाइन यांची वाळलेली पानं आणि साल चटकन पेटते.

आणि टेकडीपलीकडे, तुमचं घर उताराच्या माथ्यावर आहे ना, ही सगळ्यात महत्त्वाची बाब. आग चढावर वेगाने धावते. दर दहा अंश चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो, कारण वरचं गवत ज्वाळेच्या झळीने आधीच वाळून तापलेलं असतं. म्हणून उताराच्या बाजूला इतरांपेक्षा बरीच जास्त जागा मोकळी करा. वरच्या बाजूचा हिशेब खालच्या बाजूला लावू नका.

सागरगोटा

मी पाण्याबद्दल लिहितो. छपरावर फवारे बसवून घर वाचतं असं सगळीकडे सांगतात. चांगल्या रचनेचे फवारे उपयोगी पडतात, नाही असं नाही. पण त्यांच्या भरवशावर राहू नका. वणव्याच्या दिवशी वारा असा असतो की फवाऱ्याचं पाणी छपरावर पडण्याआधीच उडून जातं. वीज हमखास जाते, म्हणजे विजेचा पंप बंद. गावभर सगळे एकदम नळ सोडतात, मग नळाची धार करंगळीएवढी होते. म्हणूनच अग्निशमन दलाचे लोक सांगतात की निघताना फवारे चालू ठेवून जाऊ नका. ते पाणी बंबांना लागतं.

पाणी वापरायचंच असेल तर स्वतःची टाकी आणि पेट्रोल किंवा डिझेलवर चालणारा पंप हवा. ऑस्ट्रेलियात थांबून घर राखणाऱ्यांना किमान १०,००० लिटरचा वेगळा साठा ठेवायला सांगतात. टाकी शक्यतो सिमेंटची किंवा धातूची. पंपाला आडोसा करा, कारण तो उघड्यावर तापून बंद पडतो. बागेचा साधा प्लॅस्टिकचा पाइप धगीने वितळतो, आणि तोट्यासुद्धा प्लॅस्टिकच्या असतील तर त्याही जातात.

पाणी सगळ्यात कामाला येतं ते नंतर, बादली आणि ओल्या पोत्याने छोटी छोटी पेट घेतलेली ठिकाणं विझवायला.

टेकडीपलीकडे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वाटाड्यांनी सांगितल्याप्रमाणे वाऱ्यात घराभोवती फेरी मारली. पन्हळीत हात घातला तर कोपरापर्यंत पानं! वरची करकरीत वाळलेली, हातात घेतली की चुरा होणारी. ओट्याच्या फळ्या एका ठिकाणी उचकटल्या तर खाली मुलांची जुनी खेळणी आणि गेल्या वर्षाचा पाचोळा.

कौलांचं काय करायचं? कौलं पेटत नाहीत म्हणून मी निश्चिंत होते, पण कडेला कौलांच्या तोंडाशी पाखरांनी घरटी केली आहेत.

वाटाड्या

घरटी दिसली तुम्हाला, फार चांगलं झालं. कौल स्वतः पेटत नाही, पण गोल कौलाचं कडेचं तोंड उघडं असेल तर ठिणगी थेट आत जाते. आत घरट्यातली काडी, त्याखाली वाशाचं लाकूड. पिल्लं नसतील तेव्हा घरटी काढा आणि ती तोंडं सिमेंटने बुजवा. फुटलेली, सरकलेली कौलं बदला.

मग झरोके. पोटमाळ्याचे, जोत्याखालचे, भिंतीतले सगळे. त्यांना बारीक धातूची जाळी हवी, भोकं तीन मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत. ऑस्ट्रेलियात दोन मिलिमीटरची सांगतात. डासांसाठीची नायलॉनची जाळी चालणार नाही, ती पहिल्या झळीला विरघळते. पोटमाळ्यात घुसलेली ठिणगी बाहेरून दिसत नाही. धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

लाकडी कुंपण घराच्या भिंतीला येऊन टेकत असेल तर शेवटचा दीड मीटर काढून टाका किंवा तिथे पत्रा, तार, दगड काहीही घाला. कुंपणाला टोकाशी आग लागली की ती वातीसारखी सरळ भिंतीपर्यंत येते.

ओट्याखाली काही म्हणजे काही ठेवू नका, आणि जमलं तर कडेने बारीक धातूची जाळी मारा.

पाणकोंबडी

थांबायचं की निघायचं यावर मला लिहायचंय. हा विषय माझ्या जिवाच्या जवळचा आहे.

७ फेब्रुवारी २००९ चा शनिवार. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात एका दिवसात १७३ माणसं गेली, दोन हजारांहून जास्त घरं जळाली. तोपर्यंत तिथे लोकांना सांगितलं जायचं की नीट तयारी करून थांबा आणि घर राखा, नाहीतर लवकर निघा. त्या दिवसानंतर चौकशी आयोग बसला आणि धोरण बदललं. धोक्याची सगळ्यात वरची एक नवी पायरी आली. त्या दिवशी सल्ला एकच, निघून जा, कारण तेवढ्या आगीत टिकेल अशा तऱ्हेने घरं बांधलेलीच नसतात.

त्या दिवसातली एक गोष्ट प्रत्येकाने समजून घ्यावी. दुपारभर वारा एका दिशेने होता आणि आग लांबट पट्ट्यासारखी धावत होती. संध्याकाळी वाऱ्याने दिशा बदलली. पट्ट्याची लांबच लांब बाजू होती, तीच आता आगीचं तोंड झाली. आग आपल्या बाजूने गेली, आपण वाचलो असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यावर ती वळली. म्हणून आग कुठे आहे एवढंच बघून चालत नाही. वारा कधी फिरणार तेही हवामानखात्याकडून कळून घ्यावं लागतं.

तुमच्या घरात दम्याच्या, हळू चालणाऱ्या सासूबाई आहेत. माझ्या मते तुमचा निर्णय तिथेच झाला. त्यांना आगीच्या बातमीची वाट न बघता, धोक्याचा इशारा आला त्याच सकाळी हलवा. ज्वाळा दिसल्यावर निघणं हा सगळ्यात वाईट पर्याय. धुरात रस्ता दिसत नाही, झाडं आडवी पडतात, सगळे एकाच वेळी गाड्या काढतात. गाडीचा पत्रा धगीपासून फारसं वाचवत नाही.

कवडसा

मी यजमानांची बाजू मांडू का? माझ्या काकांनी थांबूनच घर वाचवलं. तिघं धडधाकट माणसं, टाकी, पंप, ओली पोती. आग आली, गेली, आणि पुढचे पाच-सहा तास ते ठिणग्या विझवत फिरत होते. निघून गेले असते तर घर गेलं असतं.

पाणकोंबडी

कवडसा, तुमच्या काकांचं खरंच कौतुक आहे आणि त्यांनी केलं ते बरोबरच. पण बघा ना, तिघं धडधाकट, पंप, पाणी, तयारी. हे सगळं असेल आणि घरात लहान, म्हातारं, आजारी कुणी नसेल, तर विचार करता येतो. यातलं एक जरी कमी असेल तर नाही. आणि थांबायचं ठरवलं तरी मनाने कच खाल्ली तर काय, हे आधी ठरलेलं हवं. मधेच पळणारे सर्वात जास्त अडचणीत येतात.

आणि नीट तयार केलेलं घर माणूस नसतानाही बऱ्याचदा वाचतं. वाटाड्यांनी सांगितलेली सगळी कामं त्यासाठीच आहेत. ती केली की निघून जायला मन धजावतं.

टेकडीपलीकडे

हे शेवटचं वाक्य यजमानांना वाचून दाखवलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, आईला घेऊन तू आधी जा, मी मागून येतो. यावर काय सांगू?

पाणकोंबडी

एकत्र निघा. मागून येणारा माणूस अजून दहा मिनिटं, अजून दहा मिनिटं करत राहतो, आणि पुढे गेलेलं माणूस त्याच्यासाठी परत फिरतं. ही दोन्ही माणसं रस्त्यात सापडतात.

वाटाड्या

पूर्ण सहमत. निघण्याआधी हाताशी अर्धा तास असेल तर काय करायचं ते लिहितो. वेळ नसेल तर यातलं काहीही न करता निघा.

सगळी दारं-खिडक्या बंद करा, पण कुलूप लावू नका, अग्निशमन दलाला आत शिरावं लागेल. खोल्यांमधली दारंही ओढून घ्या. कापडी पडदे काढा. सोफा, गाद्या खिडकीपासून लांब, खोलीच्या मध्यावर सरकवा. तावदान तडकलं की आतली पहिली वस्तू पडदाच पेटतो. गॅसची झडप बंद करा. अंगणातल्या खुर्च्या, पायपुसणी, कुंड्यांचे प्लॅस्टिक, सगळं आत घ्या. आतले-बाहेरचे दिवे चालू ठेवा, धुरात घर दिसायला त्यांची मदत होते. एक शिडी छपराला टेकवून ठेवा, पाण्याचा पाइप नळाला जोडून ठेवा. विजेवर चालणारं फाटक असेल तर ते हाताने उघडून ठेवा.

अंगात सुती किंवा लोकरी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि कातडी बूट. नायलॉन, पॉलिएस्टर नको, ते वितळून अंगाला चिकटतं. गाडी आधीपासूनच तोंड रस्त्याकडे करून, टाकी भरून उभी असावी. गाडीत काचा बंद, दिवे चालू आणि बाहेरची हवा आत घेणारी कळ बंद.

आणि सगळं करूनही अडकलातच, तर घरात राहा, पण न्हाणीघरात लपू नका. तिथून बाहेर पडायला दुसरी वाट नसते. बाहेर जायचं दार जवळ असेल अशा खोलीत थांबा, आगीचं तोंड पुढे सरकलं आणि घर पेटतंय असं दिसलं की जळून गेलेल्या जमिनीवर बाहेर या.

रानजाई

दम्याबद्दल दोन ओळी. ओला रुमाल नाकाला बांधून धुरातले बारीक कण अडत नाहीत. एन-९५ मास्क घ्या, चेहऱ्याला घट्ट बसणारा. सासूबाईंचा इनहेलर, महिन्याची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि चष्मा एका पिशवीत दाराशी असू द्या. घरच्या कागदपत्रांचे फोटो फोनमध्ये. धूर दुरून जरी आला तरी एक खोली फटी बुजवून बंद ठेवा आणि त्यांना तिथे बसवा. मास्क त्यांना सोसतो का हे मात्र त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा.

सागरगोटा

शेजाऱ्यांना विसरू नका. ३० डिसेंबर २०२१ ला अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये वाळलेल्या गवताच्या माळावर आग लागली आणि काही तासांत हजाराहून जास्त घरं गेली. तिथे घनदाट जंगल नव्हतंच. गवताने पहिली घरं पेटवली आणि मग घरानेच शेजारचं घर पेटवलं. जळत्या घराची धग तासन्‌तास टिकते, जंगलातल्या ज्वाळेसारखी मिनिटभर नाही. तुमचा दीड मीटर स्वच्छ आणि शेजाऱ्याची पन्हळ पाचोळ्याने भरलेली, असं असेल तर तुमचं काम अर्धंच झालंय.

टेकडीपलीकडे

खालच्या दोन घरांत आजच बोलून आले. एका आजोबांना शिडीवर चढता येत नाही, त्यांची पन्हळ आमचे यजमान साफ करणार आहेत. सरपण हललं. ओट्याखालचं सगळं बाहेर काढलं. पिशवी भरून दाराशी आहे. धोक्याचा इशारा आला तर त्याच सकाळी आम्ही तिघंही बहिणीकडे जाणार, हे ठरलं, आणि यजमान स्वतःच बोलले.

उतारावरचं गवत उद्या कापायला घेतोय. यंत्र आहे, दुपारपर्यंत उरकेल असं वाटतं.

वाटाड्या

दुपारी अजिबात नको! पात्याला दगड लागला की ठिणगी उडते आणि असे कितीतरी वणवे गवत कापतानाच लागलेले आहेत. पहाटे दंव असताना सुरू करा, दहाच्या आत थांबवा. वारा सुटला तर त्याआधीच. जवळ भरलेल्या बादल्या आणि एक माणूस नुसता बघत उभा हवा. यंत्र तापलेलं असताना गवतावर ठेवू नका, मोकळ्या मातीवर ठेवा, आणि पेट्रोल भरायचं तर ते पूर्ण निवल्यावर. कापलेलं गवत तिथेच पसरून ठेवू नका, उचलून लांब न्या. काम संपलं तरी तासभर तिथे थांबून बघा.